पुस्तक आवडलं म्हणून चेक घ्यायचा का?

प्रिय,

तुझा मेल वाचला. एरवी दोन ओळीत काम उरकणारी तू, आणि यावेळी एवढं लांबलचक, म्हणजे खरंच एक्साइट झालीयेस. साहजिकच आहे म्हणा. ज्या व्हीसीची, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या व्हेंचर कॅपिटलिस्टची, पुस्तकं तू कॉलेजपासून रेघा मारमारून वाचतेस त्यानेच तुझ्या स्टार्टअपचं प्रॉडक्ट बघावं आणि वरून म्हणावं की भेटूया, बोलूया, कोणाचेही पाय जमिनीवर राहणार नाहीत. आधी अभिनंदन. आता तू शेवटी जो प्रश्न टाकलायस त्याच्यावर येतो, की त्याचं सगळं लिखाण मला पटतं, मग पैसे त्याच्याकडूनच घ्यावेत ना?

याला मी हो किंवा नाही म्हणणार नाही कारण त्याची टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, मी बघितलेली नाही आणि तूही अजून बघितलेली नाहीस. पण पुस्तक पटणं आणि पैसे घेणं या दोन गोष्टी तू एकाच वाक्यात बसवून टाकल्यास, त्या आधी वेगळ्या करू.

व्हीसीने लिहिलेलं पुस्तक हातात घेतलं की मी एकच गोष्ट बघत बसतो, या पानावर हा माणूस स्वतःच्या धंद्याबद्दल बोलतोय का माझ्या. फंड कसा चालतो, टर्म शीटमधलं कुठलं कलम कशासाठी असतं, बोर्ड मीटिंगमध्ये काय शिजतं, हे तो वर्षानुवर्षं करत आलाय, तिथे त्याच्याइतकं कोणी शिकवू शकत नाही. पण किती वेगाने वाढायचं, कंपनी कधी विकायची, नफा आधी की ग्रोथ आधी, हे जेव्हा तो सांगायला लागतो तेव्हा पेन्सिल हातात ठेव, कारण त्याच्याकडे वीस-तीस कंपन्या आहेत आणि तुझ्याकडे एक. तो खोटं बोलतो असं अजिबात नाही हां, तो जे सांगतो ते त्याच्या बाजूने बरोबरच असतं.

हे असं बोलून कळत नाही, आकडे घेऊ. समज त्याचा फंड १० कोटी डॉलरचा आहे. हे पैसे बहुतांशी त्याचे नसतात, पेन्शन फंड, युनिव्हर्सिट्यांचे एंडोमेंट (देणग्यांतून उभे केलेले निधी), श्रीमंत घराणी अशांचे असतात, त्यांना एलपी म्हणतात, लिमिटेड पार्टनर. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षं, नव्या कंपन्यांत पैसे टाकायचे ते पहिल्या तीन ते पाच वर्षांत, आणि मोबदल्याचा नेहमीचा रिवाज म्हणजे वर्षाला २ टक्के फी आणि नफ्यात २० टक्के वाटा, त्या वाट्याला कॅरी म्हणतात. दहा वर्षं सरसकट २ टक्के धर (प्रत्यक्षात नंतरच्या वर्षांत फी बहुतेक वेळा कमी होत जाते, पण हिशोबाला सोपं म्हणून धर), तर २ कोटी फीमध्येच गेले, गुंतवायला राहिले ८ कोटी. एलपी लोकांनी दहा वर्षं पैसे अडकवायचे तर त्यांना निदान तिप्पट तरी दिसायला हवेत, नाहीतर ते शेअर बाजारात टाकून निवांत राहिले असते की. म्हणजे त्यांच्या हातात ३० कोटी पडले पाहिजेत, आणि त्याच्या वर कॅरी धरली की फंडाकडे एकूण ३५ कोटी परत यायला लागतात. आता फंडाने सुरुवातीला प्रत्येक कंपनीत २० टक्के घेतले असले तरी पुढच्या राउंडमध्ये, म्हणजे पैसे उभे करायच्या पुढच्या फेऱ्यांमध्ये, डायल्यूट होत होत (नवे शेअर निघाले की जुन्यांचा वाटा कमी होतो) विकायच्या वेळेला १५ टक्के राहिले असं समज. ३५ कोटी भागिले १५ टक्के, कॅल्क्युलेटरवर कर, २३३ कोटी डॉलर येतात. त्याच्या सगळ्या कंपन्या मिळून एवढ्या किमतीला विकल्या गेल्या तर तो चांगला फंड, आणि तेव्हाच पुढचा फंड उभा राहायची शक्यता. त्यात निम्म्या कंपन्या तर टाकलेले पैसेही परत देत नाहीत हे गृहीतच धरलेलं असतं. म्हणजे उरलेल्यातल्या एका-दोघींनी सगळं ओझं उचलायचं.

आता समज तीन वर्षांनी तुझी कंपनी कोणीतरी ५ कोटी डॉलरला मागितली. तुझ्याकडे तोपर्यंत ४० टक्के असतील तर तुझे झाले २ कोटी डॉलर. त्याच्या फंडाचे झाले ७५ लाख. तुझ्यासाठी ही आयुष्यभराची मोकळीक आहे आणि त्याच्यासाठी एलपींना पाठवायच्या रिपोर्टमधली एक ओळ, तीही खालच्या बाजूची. तो तुला म्हणणार, थांब, एवढ्यात विकू नकोस, अजून मोठी होईल. अगदी मनापासून म्हणणार. आणि हेच त्याच्या पुस्तकात 'लवकर विकू नका' अशा छान प्रकरणाच्या रूपाने छापलेलं असणार, ज्याच्याखाली तू रेघ मारली असशील. त्या रेघेशेजारी फक्त लिही की हे कोणाच्या हिशोबाने.

एकाच कंपनीने सगळ्यांचं ओझं उचलायचं हे काही आजकालचं नाही. १९४६ मध्ये जॉर्ज डोरिओ आणि मंडळींनी बोस्टनमध्ये एआरडीसी नावाची गुंतवणूक कंपनी काढली, आधुनिक व्हेंचर कॅपिटलची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. १९५७ मध्ये त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीत ७० हजार डॉलर टाकले आणि त्याचे पुढे ३५ कोटी डॉलरच्या वर झाले. त्यांच्या बाकीच्या गुंतवणुकी या एकीपुढे झाकोळून गेल्या. पीटर थील या अमेरिकन गुंतवणूकदाराने २००४ मध्ये फेसबुकमध्ये ५ लाख डॉलर टाकून साधारण १० टक्के घेतले, तोच प्रकार. त्याने २०१२ मध्ये स्टॅनफर्डला जो कोर्स शिकवला त्याच्या नोट्सवरून २०१४ मध्ये पुस्तक आलं, तू ते वाचलंयस मला माहितीये, त्यात या पॉवर लॉबद्दल (एखाद-दुसरी गुंतवणूकच बाकी सगळ्यांपेक्षा जास्त देते हा नियम) एक अख्खं प्रकरण आहे. पण त्याच प्रकरणात पुढे तो हेही म्हणतो की फाउंडरला स्वतःला दहा कंपन्यांत वाटून घेता येत नाही, आणि हे ज्याला कळलं तो स्वतःची कंपनी काढायच्या आधी जरा जास्तच विचार करेल, कदाचित वेगाने वाढणाऱ्या दुसऱ्याच कंपनीत जाईल. हा भाग कोणी कोट करत नाही. पोस्टरवर चांगला दिसत नाही ना.

बरं, मग व्हीसी पुस्तकं लिहितातच कशाला? पैशावर नाव नसतं, एका फंडाचा डॉलर आणि दुसऱ्याचा डॉलर सारखाच, मग चांगल्या फाउंडरने आपल्याकडे आधी यावं यासाठी नाव लागतं, आणि पुस्तक हे नाव करायचं सगळ्यात टिकाऊ साधन आहे. तू स्वतःच बघ, दुसऱ्या कोणी मेल केला असता तर तू एवढी हुरळली असतीस का? यात गैर काही नाही, डॉक्टरही लेख लिहितात. काही जण शिकवायची हौस म्हणूनही लिहितात आणि ते वाचताना लगेच कळतं.

मला त्यातला ब्रॅड फेल्ड आवडतो. तू त्याचं एकदाही नाव घेतलं नाहीस म्हणून जरा सविस्तर लिहितो. या माणसाने १९८७ मध्ये स्वतःची छोटी सॉफ्टवेअर कन्सल्टिंग कंपनी काढली, १९९३ मध्ये विकली, मग एंजल इन्व्हेस्टर (स्वतःचे पैसे नव्या कंपन्यांत टाकणारा) झाला, मग व्हीसी. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये राहतो, जे सिलिकॉन व्हॅलीपासून चांगलंच लांब आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या, नव्या स्टार्टअपना हात देणाऱ्या टेकस्टार्सच्या संस्थापकांपैकी एक, फाउंड्री ग्रुप या व्हीसी फर्मच्याही. २०११ मध्ये त्याने आणि त्याचा पार्टनर जेसन मेंडेलसन, जो मूळचा वकील, दोघांनी मिळून 'व्हेंचर डील्स' लिहिलं. टर्म शीटमधलं एकेक कलम घ्यायचं, ते कसं लिहिलेलं असतं ते दाखवायचं, आणि इन्व्हेस्टर ते का मागतो, तू कुठे अडून बसायचं, कुठे सोडून द्यायचं ते सांगायचं, असं ते पुस्तक आहे. त्यांचं मुख्य म्हणणं एवढंच की टर्म शीट कितीही पानांची असो, महत्त्वाच्या गोष्टी दोनच, पैसा कोणाला किती मिळणार आणि कंट्रोल कोणाकडे राहणार, बाकी कलमांवर भांडणात रात्री घालवू नका. समोरच्या बाजूला बसणाऱ्यानेच आपली पानं उघडी करून ठेवली, म्हणून ते मोलाचं. घेशील तर २०१९ ची चौथी आवृत्ती घे, पहिल्या आवृत्तीनंतर सेफ नावाचा कागद आला (पैसे आत्ता घ्यायचे, शेअर पुढच्या राउंडला द्यायचे), वाय काँबिनेटर या स्टार्टअपना सुरुवातीला पैसे देणाऱ्या संस्थेने तो २०१३ च्या शेवटी आणला आणि २०१८ मध्ये पोस्ट-मनी, म्हणजे आलेले पैसे धरूनच्या किमतीवर चालणारा, करून बदलला, आणि सुरुवातीच्या फंडिंगची अख्खी भाषाच त्याने बदलली.

त्याचं २०१२ चं स्टार्टअप कम्युनिटीवरचं पुस्तक मला त्याहून गंमतशीर वाटतं, तुझ्या कामाचं कमी असेल पण. त्यात तो म्हणतो की एखाद्या गावात स्टार्टअपचं वातावरण तयार करायचं तर पुढाकार फाउंडर लोकांनीच घ्यायला हवा, सरकार, युनिव्हर्सिटी आणि इन्व्हेस्टर हे सगळे पूरक, त्यांनी नेतृत्व करायला गेलं की गाडी अडते, आणि विचार वीस वर्षांचा करायचा. व्हीसी असून व्हीसीला दुसऱ्या रांगेत बसवतो. फाउंड्री ग्रुपनेही २०२४ च्या सुरुवातीला सांगून टाकलं की २०२२ चा फंड हा शेवटचा, यापुढे नवा उभा करणार नाही. असा माणूस लिहितो तेव्हा मी पेन्सिल थोडी सैल धरतो.

आता टर्म शीटकडे येतो कारण तुझी भेट चांगली झाली तर पुढचा मेल तोच असणार आहे, आणि तिथे तू व्हॅल्युएशनचा, म्हणजे कंपनीच्या ठरवलेल्या किमतीचा, आकडा बघून नाचणार आहेस, मी तुला ओळखतो. नाच, पण आकड्याच्या खालची दोन कलमं वाचून.

एक लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली की आधी पैसे कोणी आणि किती घ्यायचे. समज त्याने १ कोटी डॉलर टाकून २० टक्के घेतले. कंपनी विकली गेली तर त्याला दोन पर्याय, टाकलेला १ कोटी आधी काढून घ्यायचा किंवा आपले शेअर तुमच्यासारख्या साध्या (कॉमन) शेअरमध्ये बदलून २० टक्के घ्यायचे, जे जास्त असेल ते. हे झालं १ एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग, हे रास्त आहे, याच्यावर भांडू नकोस. पण कधीकधी शब्द असतो पार्टिसिपेटिंग, म्हणजे आधी १ कोटी काढायचे आणि वर उरलेल्यातही २० टक्के घ्यायचे. ४ कोटीला विकली गेली असं धर. पहिल्या प्रकारात तो १ कोटी घेतो, कारण २० टक्के म्हणजे ८० लाखच होतात, आणि तुम्हा बाकीच्यांना राहतात ३ कोटी. दुसऱ्या प्रकारात तो १ कोटी आणि वर उरलेल्या ३ कोटीचे २० टक्के, असे १ कोटी ६० लाख घेतो आणि तुम्हाला राहतात २ कोटी ४० लाख. व्हॅल्युएशन तेच, टक्के तेच, एका शब्दाने ६० लाख डॉलर इकडचे तिकडे. आणि हे तुझ्या एम्प्लॉयींच्या स्टॉकमधूनही जातात हे विसरू नकोस, त्यांना तर ते कलम दिसतही नाही.

दुसरं ऑप्शन पूल, म्हणजे पुढे येणाऱ्या एम्प्लॉयींसाठी राखून ठेवायचे शेअर. तो म्हणेल प्री-मनी (पैसे येण्याआधीची किंमत) ४ कोटी, मी १ कोटी टाकतो, पोस्ट-मनी (पैसे आल्यावरची) ५ कोटी, तुमचे ८० टक्के. वा. मग खाली लिहिलेलं असतं की पोस्ट-मनीच्या १५ टक्के ऑप्शन पूल, आणि तो प्री-मनीमध्ये धरायचा. १५ टक्के म्हणजे ७५ लाख, ते तुमच्या ४ कोटीतून जाणार, म्हणजे तुमच्या आत्ताच्या कंपनीची किंमत खरी ३ कोटी २५ लाख झाली आणि तुम्हा दोघा फाउंडरकडे राहिले ६५ टक्के. पूल नको असं म्हणत नाहीये मी, माणसं घ्यायला लागतोच तो. पण पुढच्या दीड वर्षात नक्की कोणाकोणाला घेणार आणि कोणाला किती देणार याची यादी कर, बेरीज ९ टक्के आली तर ९ टक्के दाखव. यादी समोर ठेवली की १५ चा आग्रह धरणं अवघड जातं.

बाकी वेस्टिंग, म्हणजे शेअर हळूहळू आपल्या मालकीचे होणं, चार वर्षं आणि एक वर्षाचा क्लिफ (त्याआधी सोडलं तर काहीच नाही) हे चालतं, उलट तुमच्या दोघांतही ते असलंच पाहिजे, समज उद्या को-फाउंडर सोडून गेला तर. अँटी-डायल्यूशन, म्हणजे पुढे शेअर कमी किमतीला विकले तर इन्व्हेस्टरला मिळणारी भरपाई, ही बेताची, ब्रॉड-बेस्ड वेटेड अॅव्हरेज असेल तर पुढे चल, फुल रॅचेट (पूर्ण भरपाई) दिसलं तर थांब आणि मला फोन कर. बोर्डवर किती जण आणि त्यात तुमचे किती, ते बघ. टर्म शीट बहुतांशी बाइंडिंग नसते, पण गोपनीयता आणि नो-शॉप ही कलमं बाइंडिंग असतात, म्हणजे सही केलीस की तेवढे दिवस दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही, तेव्हा ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी सहीच्या आधी बोलून घे. आणि वकील असा घे ज्याने असे सौदे आधी केलेत, ओळखीतले, घराचे कागद करणारे वकील यात कामाचे नाहीत, कितीही चांगले असोत.

बेन होरोविट्झ, जो आधी फाउंडर होता आणि मग व्हीसी झाला, त्याचं पुस्तक वाचून झोप उडाली असं तू लिहिलंयस. उडायलाच पाहिजे. पण बघ, त्या पुस्तकातलं तुला लागलेलं सगळं हे फाउंडरचं आहे. १९९९ ला लाउडक्लाउड काढली, डॉटकॉम बुडत असताना मार्च २००१ मध्ये आयपीओ केला कारण दुसरीकडून पैसे मिळत नव्हते, २००२ मध्ये मुख्य धंदा ईडीएस या आयटी कंपनीला ६ कोटी ३५ लाख डॉलरला विकून टाकला, उरलेल्या सॉफ्टवेअरची ऑप्सवेअर केली आणि ती २००७ मध्ये एचपीने १६० कोटी डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली. व्हीसी तो झाला नंतर, २००९ मध्ये, मार्क अँड्रीसनबरोबर. म्हणजे एकाच पुस्तकातही कुठल्या पानावर कोण बोलतंय ते बदलत असतं. जिथे लोकांना कामावरून काढायचं कसं ते लिहिलंय तिथे तो स्वतः काढून बसलेला माणूस आहे. आपल्या फर्मबद्दल लिहितो तिथे तो दुकानदार आहे, चांगला दुकानदार, पण दुकानदार.

पुस्तकावरचं सालही बघत जा. यातली बरीच पुस्तकं २०१० ते २०२० मधली आहेत, आणि त्यातली बरीच वर्षं अमेरिकेत व्याजदर शून्याच्या आसपास होते, पैसा पडून होता, तो कुठेतरी जायला बघत होता. 'आधी वाढा, नफ्याचं नंतर बघू' हा सल्ला त्या हवेत उगवलेला आहे. मार्च २०२२ पासून फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर वाढवायला घेतले आणि जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले, आणि मग तीच मंडळी बर्न (दर महिन्याला जळणारे पैसे) कमी करा, रनवे (पैसे किती महिने पुरतील ते) वाढवा असं बोलायला लागली. माणसं बदलली नाहीत, व्याजदर बदलले. छापलेलं पुस्तक मात्र आहे तसंच राहतं बिचारं. आणि हेही नवीन नाही, ऑनलाइन किराणा विकणाऱ्या वेबव्हॅननेही घाईघाईत मोठं व्हायला बघितलं होतं, मोठमोठे व्हीसी मागे होते, नोव्हेंबर १९९९ ला आयपीओ आणि जुलै २००१ ला दिवाळखोरी.

आणि या पुस्तकांमध्ये जी कंपनी तुला भेटणार नाही ती म्हणजे व्हीसीकडे न गेलेली. भेटणार कशी, लेखकाचा तिच्याशी संबंधच आला नाही. मेलचिंप ही ईमेल मार्केटिंगची कंपनी २००१ ला सुरू झाली, व्हीसीचा एक डॉलर घेतला नाही, आणि २०२१ मध्ये इंट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीने ती साधारण १२०० कोटी डॉलरला घेतली. तू लगेच म्हणशील की तो अपवाद आहे. हो, अपवादच आहे, पण पुस्तकातल्या फंडेड कंपन्याही अपवादच आहेत, त्याबद्दल तू असं म्हणत नाहीस. तुझ्याकडे आत्ता पैसे देणारे कस्टमर आहेत. तुला पैसे नक्की कशाला हवेत हे तू तुझ्या एवढ्या मोठ्या मेलमध्ये लिहिलेलंच नाहीस. 'टीम वाढवायला' हे उत्तर नाही. त्या पैशाने अठरा महिन्यांत असं काय होईल जे कस्टमरच्या पैशाने तीन वर्षांत होईल, आणि ती दीड वर्षं वाचल्याने काही फरक पडतो का? पडत असेल, कोणी मोठा खेळाडू मार्केटमध्ये उतरत असेल, तर जरूर घे, आणि भरपूर घे. पडत नसेल तर भेट घे, कॉफी पी, पुस्तकावर सही घे आणि ये घरी.

भेटायला जाशील तेव्हा पुस्तकाचं कौतुक पाच मिनिटांत आटप. त्याला ते ऐकायची सवय आहे आणि तुला ते बोलताना तुझी बाजू हलकी होते. त्याऐवजी विचार की ज्या फंडातून पैसे देणार तो कितव्या वर्षात आहे. पाचव्या वर्षातला असेल तर त्याला तुझ्यासाठी वेळ पाचच वर्षं उरलीत, मुदत एखाद-दोन वर्षं वाढवता येते पण दबाव तुझ्यावर येणारच. फंड केवढा आहे ते विचार आणि वरचा हिशोब त्याच्या आकड्यांनी घरी परत कर, म्हणजे तुझी कंपनी केवढी झाली तर त्याला समाधान वाटेल ते कळेल, आणि तेवढी मोठी व्हायची तुझी इच्छा आहे का ते स्वतःला विचार. पुढच्या राउंडसाठी तो पैसे राखून ठेवतो का ते विचार, कारण पुढच्या वेळी त्याने हात आखडता घेतला तर बाहेरचे लोक त्याचा अर्थ लावतात. आणि हे नक्की विचार की माझ्या बोर्डवर कोण बसणार, तू का तुझ्या फर्ममधलं दुसरं कोणी. नाव असलेल्या माणसाचे दिवस भाषणात आणि पुढच्या पुस्तकात जातात, आणि तुला दर महिन्याला भेटणारा कोणी वेगळाच असतो, तो चांगलाही असेल, पण मग त्याला भेट ना आधी.

रेफरन्स म्हणून तो काही फाउंडरची नावं देईल. त्यांच्याशी बोल, पण पुस्तकात ज्यांचे किस्से आलेत ते चांगलंच बोलणार. त्याच्या पोर्टफोलिओतल्या ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांचे फाउंडर स्वतः शोध, आणि ज्यांना सीईओच्या खुर्चीवरून उठवलं ते. त्यांना एकच विचार, पैसे संपत आले होते तेव्हा हा माणूस फोन उचलत होता का. या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस किती वेळ गप्प बसतो ते ऐक.

तो नाही म्हणाला तर? मग त्याने तुझ्यावर निकाल दिला असं घेऊ नकोस. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स ही जुनी आणि मोठी फर्म, त्यांनी आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादीच लोकांसमोर ठेवलीये, त्यात अॅपल, गूगल, फेडएक्स सगळे आहेत. त्याच्या फंडाच्या हिशोबात तू बसत नसशील एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि तो हिशोब आता तुला येतो.

अजून एक, तू सहज लिहून गेलीस की हल्ली झोप लागत नाही आणि घरी कोणाशी बोलायला वेळ नाही. याच्यावर या पुस्तकांत फारसं सापडत नाही, फेल्डने मात्र लिहिलंय, २०१३ मध्ये बायको एमी बॅचलरबरोबर फाउंडरच्या घरसंसारावर एक पुस्तकच काढलं, आणि स्वतःच्या डिप्रेशनबद्दलही तो उघडपणे बोलतो. टर्म शीटच्या पुस्तकाआधी ते वाचलंस तरी माझी हरकत नाही. आणि झोपेचं असंच चालू राहिलं तर डॉक्टरला दाखव, फंडिंग झाल्यावर बघू असं करू नकोस, फंडिंग झाल्यावर ते वाढतं.

सोबत एक शीट जोडलीये. पहिल्या टॅबवर तुमचं आत्ताचं कॅप टेबल (कोणाकडे किती शेअर त्याचा तक्ता) टाक, फक्त पिवळे सेल भरायचे, बाकीच्यात फॉर्म्युले आहेत. दुसऱ्या टॅबवर त्याचा आकडा, पूल आणि प्रेफरन्स टाकलास की १ कोटीपासून २० कोटीपर्यंत कितीला विकली तर कोणाला काय मिळतं ते खाली दिसेल. को-फाउंडरला शेजारी बसवून भर, एकटी भरू नकोस. टर्म शीट आली की सही करायच्या आधी पाठव, शक्यतो वर्ड फाइल, पीडीएफमध्ये मला कमेंट टाकता येत नाहीत.

तुझा,
दादा